औषधांच्या डब्यातली पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी, ताप दाखवणारी पट्टी आहे, आणि मला जन्मापासून एकच धाक आहे, आपल्या हातून खोटं सांगितलं जाण्याचा.

बडोद्याच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या निरुपमाताईंनी मला घडवलं. काळ्या पट्टीवर त्यांनी द्रवस्फटिकाचा लेप दिला. द्रवस्फटिक म्हणजे धड घट्ट नाही, धड पातळ नाही. गरब्याच्या गोलासारखं, सगळ्यांची तोंडं ठरल्या दिशेला, पाय मात्र फिरते. तुमच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीचं आवरणही असंच असतं, असं ताई सांगत. माझा लेप तर त्या आवरणातही असणाऱ्या कोलेस्टेरॉलपासूनच केलेला, म्हणजे मी तुमच्या नात्यातलीच. गार असले की मी काळी, अंगाच्या उबेने हिरवी, ताप चढला की निळी. ताईंच्या सुभानपुऱ्यातल्या घरी माझं कौतुक काय विचारता! शेजारीही मला मागून नेत.

एके दिवशी ताईंच्या भावाची तीन वर्षांची चारू तापाने फणफणली. तिची आई विमल सकाळपासून कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत होती. दुपारी तिने घडी उचलली आणि त्याच ओल्या कपाळावर मला टेकवलं. मी हिरवी झाले. विमलने देवाला हात जोडले आणि डॉक्टरकडे जायचं राहू दिलं. इकडे चारू हाकेला ओ देईना. माझा जीव घाबराघुबरा झाला, पण रंगाखेरीज मला जीभ नाही.

ताई कॉलेजातून आल्या तेव्हा विमल म्हणाली, "वन्सं, उतरला ताप. पट्टी हिरवी आहे."

ताईंनी चारूच्या पोटावर हात ठेवला आणि तो पोळला. "अगं, पट्टीने घडीचा गारवा सांगितला, पोरीचा ताप नाही."

त्यांनी मला चारूच्या काखेत धरलं. मी निळी झाले, मग निळाईही विझून काळी पडले. त्या काळ्या रंगाचा अर्थ ताईंना ठाऊक होता. ताप माझ्या आवाक्याबाहेर गेला होता. लगेच रिक्षा आणली. चारू थोडक्यात वाचली. विमलने त्यानंतर मला कधी हात लावला नाही.

पुढे खिडकीतल्या उन्हाने माझा लेप मेला. आता कितीही तापले तरी मी काळीच. चारू बडोद्यातच मांजलपूरला असते, तिला लेक आहे. आत्याची आठवण म्हणून तिने मला जपलंय, पण औषधांच्या डब्यात. कालपासून ती लेक शिंकते आहे. चारूने मला तिच्या कपाळाला लावलं, तर माझा काळा रंग बघून ताप नाही असंच समजेल.

मित्रांनो, कुणीतरी चारूला सांगा. मला पुस्तकात ठेव म्हणावं, नाहीतर टाकून दे, पण त्या डब्यातून काढ. आणि आधी पोरीच्या पोटाला हात लावून बघ.