पोसणारीचं कार्ड

‘नर्स’ हा शब्द समितीत मंजूर झाला, की सहसंपादकाची खुर्ची त्याचीच होती. अकरा वर्षं शब्दकोशाच्या कचेरीत मान मोडून हाती लागणार होती ती एवढीच, पण खिडकीजवळची.

घरी थोरली बहीण. आई गेल्यावर याला तिनंच वाढवलं. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला, गळ्यात नळी बसली. दुपारी नर्स येऊन ती साफ करी. नाही केली तर श्वास कोंडे. ताई बोलायची ती कचेरीतल्या रद्दी कार्डांवर लिहून.

“ताई, लॅटिनमध्ये नुत्रिरे म्हणजे पोसणं,” आदल्या संध्याकाळी तो रंगात येऊन सांगत होता. “त्यावरून फ्रेंचांची नोरीस, दूध पाजणारी दाई. तीच पुढे इंग्रजांकडे नर्स झाली.”

ताईनं लिहिलं : तीन देश फिरली बिचारी. पगार वाढला का?

सकाळी तिनं चहाच्या कपाखाली कार्ड ठेवलं. त्याला घाई होती. वाटेत वाचू म्हणून खिशात टाकलं आणि वाटभर समितीपुढचं भाषणच घोकलं. कचेरीत खिसा रिकामा केला. त्यात कालची टिपणाची कार्डंही होती. अकरा वर्षांत बोटांना सवयच जडली होती : कार्डावरचा पहिला शब्द बघायचा आणि त्या शब्दाच्या खणात सारायचं. पुढचं वाचायला डोळे थांबतच नसत.

समिती दोनला बसली. लॅटिन जमलं, फ्रेंच जमलं. चार वाजता संपादकांनी ‘नर्स’च्या खणातली, मराठी वापराच्या उताऱ्यांची कार्डं चाळायला घेतली.

“अहो, याला ना तारीख, ना ग्रंथाचं नाव. कुठलं उचललंत?” ते हसत वाचू लागले, “नर्स आज येणार नाही. तू एकपर्यंत ये. नळी भरत चाललीय.”

सगळे हसले. तो उठला, चप्पल न घालता जिना उतरला.

ताई दाराशी बसलेली होती, भिंतीला टेकून. कडी काढलेली होती. अंग अजून कोमट होतं.

शब्द मंजूर झाला; कोशात त्याला सात ओळी मिळाल्या. खुर्ची त्याला मिळाली. नर्सची एका दिवसाची रजा गेली, समितीची एक दुपार. बाकीचं सगळं ताईनं भरलं.