काचेमागून भिंगरी

काचेच्या या बाजूला बसून आई-मुलांचा खेळ बघायचा आणि दिसेल ते टिपायचं, हे माझं काम. काच अशी, की मला ती दिसतात, मी त्यांना दिसत नाही. हट्टी, मारकुट्या मुलांसाठी ही चाचणी चालली होती. निम्म्या आयांच्या कानात छोटंसं यंत्र बसवायचे आणि खेळ चालू असतानाच डॉक्टरांची सहायक त्यातून हळूच सांगायची: आता गप्प राहा, आता कौतुक करा. उरलेल्या आयांची पाळी नंतर. कोण कुठल्या गटात हे मला कळलं, की माझी नोंद बाद. मनात असेल तेच माणसाला दिसतं, म्हणून हा नियम. माझ्यासारख्या आगाऊ बाईला हे काम कुणी दिलं, देव जाणे.

भिंगरी हे नाव मीच ठेवलं. पाच वर्षांची पोर, पाय म्हणून जमिनीवर ठरत नव्हता. पहिल्याच भेटीत तिने आईच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. आई ओरडली, "पुन्हा असं केलंस ना, तर मामाकडे नेऊन ठेवीन, कायमची!" धमकी खरी होती. शाळेने हात टेकले होते आणि मामाने तिच्यासाठी खोलीही रिकामी केली होती. बाहेर बाकावर आई हे कुणाला तरी सांगत होती, ते मी जाता जाता ऐकलं. मला त्या बाईचा असा राग आला! मग तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली आणि राग कुठल्या कुठे गेला. या दोघींना ती कानातली शिकवणी मिळू दे रे बाबा, असं मी मनात घोकत राहिले.

मधल्या भेटी मला दाखवल्याच नव्हत्या, नाहीतर यंत्र दिसून गट कळला असता. आज शेवटची भेट. आज यंत्र कुणाच्याच कानात नाही.

"चल, ठोकळे डब्यात भरू या," आई म्हणाली. भिंगरीने एक भरला, दुसरा भरला आणि तिसरा भिरकावला. तो थेट आईच्या कपाळावर बसला.

आईचा हात वर गेला. मी खुर्चीतून अर्धी उठले. हात कपाळापाशी जाऊन थांबला. भिंगरी तोवर टेबलाखाली शिरली होती.

"आता मामाकडे ठेवणार?" आवाज एवढासा.

आई फरशीवर बसली.

"नाही. मला लागलंय खूप. पण तू माझ्याकडेच राहणार. ये, उरलेले भरू."

पोर रांगत बाहेर आली. ठोकळा उचलून अलगद डब्यात ठेवला आणि आईचा गाल थोपटत म्हणाली, "आई, आज कानात ती ताई नव्हती, तरी तू ओरडली नाहीस. शाब्बास!"

गट सांगायचा नाही, हे आईला शंभरदा बजावलं होतं. पोरीला बजावायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आईने जीभ चावून काचेकडे पाहिलं.

नियम म्हणजे नियम. मी उठून डॉक्टरांना सांगितलं.

"झालं कल्याण!" त्यांनी कपाळावर हात मारला. "आता तेवढं वाक्य कापून आजचा व्हिडिओ नोंदीसाठी दुसऱ्या कुणाला तरी दाखवावा लागेल."

"कापा," मी म्हणाले. "पण फेकू नका. तेवढं वाक्य त्या आईला द्या."

आणि तिथेच, त्यांच्यासमोर, घळाघळा रडले.