शरच्चंद्रांच्या कोटावरचा कॉलर माइक

मित्रांनो, माझा आकार शेंगदाण्याएवढा आहे. डोक्यावर काळ्या स्पंजाची टोपी, पाठीला चिमटा आणि शेपटीसारखी एक लांब तार, एवढाच माझा देह. मला कॉलर माइक म्हणतात. लग्नात बोलणाऱ्याच्या किंवा गाणाऱ्याच्या कपड्याला मला अडकवतात आणि माझी तार त्याच्या खिशातल्या एका लहान डबीत खुपसतात. मी ऐकतो, ती डबी साठवते. ही कामाची विभागणी नीट ध्यानात ठेवा, कारण माझ्या आयुष्यातली सर्वांत किळसवाणी घटना तिच्यावरच बेतलेली आहे.

माझ्या जन्माविषयी सांगण्यासारखे फार नाही. एका कारखान्यात केसाहून पातळ असा पडदा माझ्या पोटात बसवला गेला. हवा थरथरली की तो थरथरतो, आणि त्या थरथरीची वीज होऊन तारेतून पुढे जाते. माझ्यासारखे हजारो त्याच दिवशी तयार झाले. माझे भाग्य एवढेच, की ग्रँट रोडच्या बाजारातून मला सुबोध यांनी उचलले.

सुबोध विलेपार्ल्याचे. तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेले, लग्नांचे चित्रीकरण करणारे आणि बोलायला तिखट. कार्यालयात ते सगळ्यांच्या आधी पोहोचत. रिकाम्या सभागृहात एक टाळी वाजवून आवाज कुठे आपटतो ते ऐकत. करकरणारा पंखा हेरून बंद करायला लावत. मग मला हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावत आणि तारेला एक सैल वळसा देत, म्हणजे माणूस हलला तरी मला हिसका बसत नसे. डबीत नवा सेल घातल्यावर, ती बिनतारी पाठवत असलेला आवाज ऐकायला ते कानाला हेडफोन चढवत आणि विधी संपेपर्यंत तो काढत नसत.

"गुरुजी, उपरणं जरा पलीकडे. माझ्या माइकला गुदगुल्या होतायत," असे ते भर होमात सांगत. कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या एका मामांना ते म्हणाले होते, "मामा, तुमची पाठ देखणी आहे, पण आज लग्न तिचं नाही." मामा रागावले, पण बाजूला झाले.

लग्नाच्या आधी ते घरी जात आणि एकच प्रश्न विचारत, "तुमच्याकडे कोण गाणार, आणि कोण रडणार?" लोक हसत. सुबोध हसत नसत. त्या उत्तरावरूनच मला कुणाच्या कपड्यावर लावायचे ते ठरत असे.

जान्हवी नावाच्या एका मुलीच्या लग्नात त्यांनी मला तिच्या वडिलांच्या कोटाला लावले होते. पाठवणीच्या वेळी बाहेर बँड वाजत होता, बायका रडत होत्या, आणि त्या गलक्यात वडील लेकीच्या कानाशी वाकून म्हणाले, "घरची किल्ली परत नको देऊस. राहू दे तुझ्याकडेच." आसपासच्या कुणाला ते ऐकू गेले नाही, पण मी ऐकले. सुबोध यांनी ते वाक्य जसेच्या तसे ठेवले आणि त्याखाली कसलेही संगीत घातले नाही. ती चित्रफीत पाहताना नातेवाइकांतले पुरुष पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जात असत, असे मी ऐकले आहे. ती माझी उमेदीची वर्षे.

पुढे लोकांना तीस सेकंदांचे लग्न हवेसे झाले. "काका, तुमच्या व्हिडिओत गुरुजीच फार दिसतात," असे नवऱ्या मुली सुबोध यांना सांगू लागल्या. एके दिवशी त्यांनी सगळे साहित्य अंधेरीच्या सर्वेशला विकले. आणि मित्रांनो, मी घाणीत पडलो.

हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. सर्वेशच्या खणात अर्धवट खाल्लेले क्रीमचे बिस्किट होते, झुरळांच्या लेंड्या होत्या आणि सांडून चिकट झालेले अत्तर होते. माझी टोपी त्या अत्तरात भिजून कडक झाली. तार कात्रीला गुंडाळलेली होती. सर्वेशचे म्हणणे असे, की लग्नातला आवाज म्हणजे कचरा. गाणे नंतर वरून घालायचे. त्याच्याकडे उडता कॅमेरा होता, पायाशी धूर सोडणारे यंत्र होते, आणि नवरा-नवरीला "आता एकमेकांकडे बघून हसा, अजून हसा" असे सांगणारा घसा होता. त्या हसण्याची मला शिसारी येत असे.

आता बोरीवलीच्या शरच्चंद्रांविषयी. नात्यातल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टके तेच रचत आणि तेच गात. त्यांची मुलगी गंधाली हिचे लग्न ठरले, आणि त्याच महिन्यात त्यांच्या घशात कर्करोग निघाला. स्वरयंत्र काढावे लागणार होते. त्यानंतर मूळ आवाज परत येणार नव्हता. त्यांनी डॉक्टरांना एवढेच विचारले, की लग्नापर्यंत थांबता येईल का. मुहूर्त अलीकडे आणला गेला. असलेला आवाज लग्नापर्यंत टिकावा म्हणून शरच्चंद्रांनी घरात मौन धरले. मीठ हवे असले तरी ते चिमटीने खूण करत.

"एवढे गप्प आधी बसला असतात, तर माझा संसार सुखाचा झाला असता," त्यांच्या पत्नी जयंती म्हणत, आणि तोंड फिरवून डोळे पुसत. हे सगळे मला नंतर कळले.

जान्हवी ही जयंतीबाईंची भाची. त्यामुळे त्यांना सुबोधच हवे होते. गंधालीला सर्वेशच्या चित्रफिती आवडल्या होत्या. दोघी सर्वेशच्या दुकानात आल्या, तेव्हा मी खणात होतो आणि खण उघडा होता.

"मला बाकी काही नको," जयंतीबाई म्हणाल्या. "धूर सोड, फुलं उडव, काय ते कर. पण ह्यांचा आवाज नीट यायला हवा. नंतर आवाज राहणार नाहीये रे त्यांचा."

"काकू, टेन्शनच घेऊ नका." सर्वेशने मला खणातून उपसून काढले आणि पँटला पुसले. "हे बघा, सुबोधकाकांचाच माइक. त्यांचं सगळं सामान माझ्याकडेच आहे."

"बघ आई," गंधाली म्हणाली. "तेच सामान आहे ना? मग झालं तर."

जयंतीबाईंनी मला हातात घेतले. जान्हवीच्या लग्नात पाहिलेला तोच हा माइक, हे त्यांना पटले. मित्रांनो, त्या क्षणी मला बोलता यायला हवे होते. चांगला चाकू विकत घेणाऱ्याला शस्त्रक्रिया येते, असे कुणी मानत नाही. माझ्या बाबतीत मात्र शहाण्यासुरत्या माणसांनी ते मानले.

लग्नाच्या दिवशी सर्वेश स्वतः मला घेऊन शरच्चंद्रांकडे आला. त्याने मला कोटाच्या कडेला, गळ्यातल्या मोत्याच्या माळेखाली अडकवले. मी घुसमटलो. डबी त्याने त्यांच्या खिशात टाकली. तिच्यात सेल नव्हता. त्याला ते ठाऊक होते, कारण डबी टाकताना तो आपल्या सोबत्याला हळूच म्हणाला, "असू दे रे लटकलेला. घरच्यांना बरं वाटतं."

मग त्याने पाहुण्यांना सांगितले, "सगळ्यांनी फोन खाली ठेवा हां, फ्रेम खराब होते." बोरीवलीचे सभ्य लोक. सगळ्यांनी फोन खाली ठेवले.

अंतरपाट धरला गेला. सर्वेशने धुराचे यंत्र सुरू केले. तो गोडसर, तेलकट धूर शरच्चंद्रांच्या घशात गेला आणि ते खोकले. माझ्यावर तो खोकला हातोड्यासारखा आदळला. जयंतीबाईंनी पाणी दिले. ते सावरले, आणि इतके दिवस जपून ठेवलेला आवाज त्यांनी लावला:

"या दारी शिकली पहाट हसणे, ते हासणे ने सवे;
गंधाली अमुची सुखात निघता, कुर्यात् सदा मंगलम्."

आवाज बसका होता. 'सवे'वर तो फाटला, आणि त्या फाटण्यासकट त्यांनी तो पुढे नेला. अक्षता टाकायच्याही लोक विसरले. अंतरपाटामागे गंधालीचा श्वास अडकलेला मला ऐकू येत होता. मी प्रत्येक अक्षर ऐकले. माझा पडदा थरथरला, पण पुढे काहीच गेले नाही. तार एका मेलेल्या डबीत संपत होती. उडत्या कॅमेऱ्याला कान नसतात. समोरचा कॅमेरा सर्वेशने मंदगती चित्रणावर लावला होता, आणि त्या पद्धतीत तो आवाज टिपतच नसे. हे यंत्राच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असते. वाचायचे मात्र असते.

एवढ्यावर थांबले असते तरी मी त्याला केवळ अडाणी म्हटले असते. पण टाळ्या विरल्या, आणि सर्वेश शरच्चंद्रांजवळ आला.

"काका, एकदा परत घेऊ ना. डावीकडून लाइट झकास येतोय. आवाज नाही काढला तरी चालेल, नुसते ओठ हलवा."

शरच्चंद्रांनी त्याच्याकडे पाहिले. लेकीच्या लग्नात वाद नको, म्हणून ते उभे राहिले आणि त्यांनी नुसते ओठ हलवले. मी त्यांच्या छातीवर होतो. मला फक्त त्यांच्या हृदयाचे ठोके ऐकू येत होते. मित्रांनो, मी घामाचे वास सोसले आहेत, तंबाखूच्या पिचकाऱ्या सोसल्या आहेत. त्या क्षणाइतकी किळस मला कशाचीच आली नाही.

गर्दीत सर्वेश मला काढायला विसरला. कोट घरी आला, त्याबरोबर मीही आलो. शस्त्रक्रिया झाली. शरच्चंद्र गळ्याला पांढरी पट्टी बांधून परतले, आणि काही आठवड्यांनी चित्रफीत आली. गंधाली आणि जावई मिहिर ती घेऊन आले. कोट अजून खुर्चीच्या पाठीवरच होता.

पडद्यावर अंतरपाट आला. शरच्चंद्रांचे ओठ हलू लागले, अगदी हळू, सोनेरी प्रकाशात. आणि त्या ओठांतून एका सिनेमातल्या तरुण गायकाचे प्रेमगीत बाहेर पडले. जयंतीबाईंनी पुढे सरकवले, मागे घेतले, पुन्हा लावले. तेच गाणे.

गंधालीने सर्वेशला फोन लावला. फोन टेबलावर होता, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"बाबांचा आवाज कुठेय?"

"ताई, साउंड नव्हता ना क्लीन. पण इमोशन बघा, काय आलंय."

"मला ओरिजिनल पाठव. जसं असेल तसं."

"ओरिजिनलला साउंडच नाहीये. अहो, एवढंच ना? काकांना घेऊन या अंधेरीला, स्टुडिओत परत गाऊन घेऊ. दहा मिनिटांचं काम."

गंधालीने फोन बंद केला. ती म्हणाली, "मीच आणला होता त्याला." शरच्चंद्रांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना म्हणायचे होते ते हातानेच म्हणावे लागले.

मिहिरने सगळ्या नातेवाइकांना विचारले. कुणाकडे काही नव्हते. फोन सर्वांनी प्रामाणिकपणे खाली ठेवले होते. जुन्या लग्नांतल्या शरच्चंद्रांच्या मंगलाष्टकांवर बँड आणि गलकाच फार; जान्हवीच्या लग्नातही मी तिच्या वडिलांच्या कोटावर होतो, गाणाऱ्याच्या नाही. शेवटी गंधालीला आपल्या फोनमध्ये वडिलांचा एक निरोप सापडला. शरच्चंद्रांना असे निरोप पाठवायची सवय नव्हती. आजाराआधी एकदा चष्मा सापडत नव्हता म्हणून तो बोलून पाठवला होता. ती तो अधूनमधून लावते. स्वच्छ, खणखणीत आवाज येतो: "गंधाली, येताना कोथिंबीर आण गं. जुडी बघून घे, मागच्या वेळची पिवळी होती." जयंतीबाई ऐकतात आणि दर वेळी म्हणतात, "खरंच पिवळी होती."

मी आता या घरातल्या कपाटात, त्याच कोटावर आहे. ते मंगलाष्टक मी ऐकले आहे आणि ते मला कुणाला ऐकवता येत नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात कार्य निघेल तेव्हा मोठ्यांना माझा एवढा निरोप सांगा. चित्रीकरणाला माणूस नेमताना त्याचे सामान पाहू नका, आणि त्याचा धूर तर मुळीच पाहू नका. त्याने केलेले एक लग्न वरून घातलेल्या गाण्याविना लावायला सांगा आणि डोळे मिटून ऐका. माणसे ऐकू आली, तरच त्याला बोलवा. आणि जो घरी येऊन, तुमच्याकडे कोण गाणार आहे, हे विचारतच नाही, त्याला चहा पाजा आणि दारापर्यंत सोडून या.