खोबरेल लावलेल्या वायरी

धाकूची जुनी व्हॅन डिचोलीला त्याच्या दारातच उभी होती. बंपरवरचा झेंडूचा हार वाळला होता. दसऱ्याच्या सकाळी त्याच्या छातीत कळ आली आणि गाडी सुरूच झाली नाही. शेजाऱ्याची गाडी येईपर्यंत धाकू गेला.

गाडी बघायला मला गॅरेजातून बोलावलं होतं. मी बॉनेट उघडलं आणि कळायचं ते कळलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला त्याच्या मुलाने, गौरेशने, स्पार्क प्लगच्या चारही वायरी एकदम काढून पुसल्या होत्या, खोबरेल लावून चकचकीत केल्या होत्या, वर कुंकूही लावलं होतं. वायरी एकेक काढून जागच्या जागी बसवायच्या असतात. याने दोन वायरींची अदलाबदल केली होती.

"ह्या झिलानच कायतरी केल्यान," धाकूचा भाऊ अनंत गौरेशकडे बोट दाखवत गुरकावला. "बापूस गेलो, आता कर पूजा गाडयेची!"

गौरेश माझ्याकडे बघत होता. "मामा, वायरी बरोबर लावल्या होत्या ना मी?"

मी कुणाची भीड ठेवत नाही. चुकलं तर तोंडावर सांगतो.

"बरोबर होत्या," मी म्हणालो. "कॉइल जळली. त्याला कोण काय करणार?"

"मग हंयच बदल," अनंत म्हणाला.

दोन वायरी फिरवल्या असत्या तर गाडी त्या पोराच्या डोळ्यांदेखत सुरू झाली असती.

"गॅरेजात न्यावी लागेल. आणि अनंतबाब, पोराला परत बोललात तर गाठ माझ्याशी आहे."

मी माझ्या जीपला दोरी बांधली. गौरेश व्हॅनच्या स्टिअरिंगवर बसला. आरशात दिसत होतं, तो रडत होता, तरी गाडी सरळ आणत होता. तो घरी परतल्यावरच मी बॉनेट उघडणार होतो.