पाटीवरचं ‘या’

फ्रेमवाल्या वहिनींचं दुकान बुडायची वेळ आली ती एका अक्षरापायी, आणि ते अक्षर लिहिलं होतं त्यांच्या अतिशहाण्या धाकट्या दिरानं.

झालं असं, की मोबाइलवरच्या कुठल्याशा खेळातला एक राक्षस वहिनींच्या दुकानामागच्या अंगणात येऊन बसला. म्हणजे तसं अंगणात काहीच नाही हो! फोनचा कॅमेरा धरला की पडद्यावर तेवढा दिसायचा. त्याला पकडायला माणसं येऊ लागली आणि जाता जाता फोटो फ्रेम करायला टाकू लागली. दिराच्या अंगात उत्साह संचारला. त्यानं पाटी रंगवून अंगणाच्या दारावर ठोकली : ‘राक्षस आत आहे. या!’

आणि आला की एक बसड्रायव्हर! सुट्टीचा दिवस, हातात फोन, सगळं लक्ष राक्षसावर. भिंतीशी टेकवून ठेवलेल्या काचांवर तो धाडकन कोसळला. उजवा तळहात खोल कापला. वहिनींनी धुतलेलं फडकं घट्ट बांधलं, त्याचा हात उंच धरला आणि तशाच त्याला घेऊन दवाखान्यात गेल्या.

बस चालवता येईना, तेव्हा ड्रायव्हरनं वकील गाठला. खेळ काढणारी कंपनी पक्की बेरकी. खेळ सुरू करतानाच ‘इजा झाल्यास आम्ही जबाबदार नाही’ यावर तिनं सगळ्यांचे अंगठे दाबून घेतले होते. वाचतंय कोण? मग उरलं कोण? वहिनी.

“तो आपणहून घुसला असता तर गोष्ट वेगळी होती,” वहिनींचे वकील म्हणाले. “पण तुम्ही ‘या’ म्हणालात. बोलावलेल्या माणसाला सांभाळायची जबाबदारी तुमची. पाटी वाचून आत गेलो, एवढं त्यानं सांगितलं की दुकान विकूनच भरपाई द्यावी लागेल.”

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. नवऱ्याच्या मागे घर चालत होतं ते या दुकानावर.

“भावजी, एवढं आमंत्रण द्यायला तो राक्षस तुमचा कोण लागत होता?” त्या एवढंच म्हणाल्या.

सुनावणीला ड्रायव्हरच्या वकिलानं हसत हसत विचारलं, “पाटी वाचूनच आत गेलात ना?” ‘हो’ म्हटलं की काम फत्ते.

ड्रायव्हरनं घसा खाकरला. “पाटी होती?”

“होती म्हणजे? चांगली तुमच्या नाकासमोर होती!”

“नाकासमोर फोन होता, साहेब. दार उघडं दिसलं, शिरलो. पाटीबिटी मी काही वाचली नाही. खोटं कसं सांगू?”

वकिलाचा चेहरा अगदी बघण्यासारखा झाला. न्यायाधीशबाईंनी हसू दाबलं. आमंत्रण ज्यानं पाहिलंच नाही, तो आमंत्रणावरून आला असं कसं म्हणायचं? दुपारी त्यांनी दावा फेटाळला.

वहिनींचा जीव भांड्यात पडला, पण त्या घरी निघाल्या नाहीत. जिन्यावरून उतरणाऱ्या ड्रायव्हरमागे त्या धावल्या.

“अहो दादा, थांबा! हात कसा आहे?”

तो वळला. “बोटं मिटायला लागलीत. दोनेक महिन्यांत स्टिअरिंग धरेन म्हणतात. तोवर ऑफिसात बसायचं काम दिलंय.”

“तुमचे उपकार कसे फेडू? माझं घर वाचवलंत तुम्ही.” वहिनी म्हणाल्या. “रोज वाटायचं, जाऊन हाताची चौकशी करावी. पण वकिलांनी बजावलं होतं, विचारलंत की चूक कबूल केल्यासारखं होईल.”

ड्रायव्हर बघतच राहिला. “कमाल आहे! डॉक्टर मला म्हणाले होते, त्या बाईंनी वेळेवर बांधलं नसतं तर हात गेला असता. तेव्हाच यायचं होतं मला. माझ्या वकिलानं दम भरला, आभार मानलेत तर दावा बुडेल!”

“मग बुडाला की आता,” वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. “बोला काय बोलायचं ते. माझंही अजून संपलेलं नाही.”