अमेरिकेवर ठेवलेला काटा

"आज मी सोताच नेतो," वामनराव म्हणाले आणि दुर्गाबाईच्या हातातली पिशवी त्यांनी काढून घेतली.

दुर्गाबाई बघतच राहिली. या घरात स्वयंपाकाला लागल्यापासून दोन वर्षांत तिने हा रेडिओ चारदा स्टेशनजवळच्या मुनव्वर मिस्त्रीच्या दुकानात नेऊन आणला होता. तिच्या आधी मास्तरांची बायको रुख्मिणीबाई न्यायच्या, अगदी वारेपर्यंत. मास्तर मात्र सदतीस वर्षांत त्या दुकानाची पायरी चढले नव्हते. ज्याचं नाव घरात काढायचं नाही, त्याच्याच हातून रेडिओ दुरुस्त करून घ्यायचा, ही कुठली रीत? पण मास्तरांना विचारणार कोण!

एके काळी चांदूर रेल्वेत दोन महासत्ता होत्या. एक वामनराव, शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवणारे. ते रोज मॉस्कोच्या बातम्या ऐकत. दुसरा मुनव्वर. त्याला अमेरिकेशिवाय चालत नसे. संध्याकाळी मुनव्वरच्या दुकानात दोघांची जुंपली की समोरच्या टपरीवरची माणसं चहाचे कप घेऊन इकडे यायची. भिंतीवर जगाचा नकाशा होता. त्यावर मास्तर लाल टाचण्या टोचायचे, मुनव्वर निळ्या. अमेरिकेचा लाल गहू खाता आणि तिलेच शिव्या देता, असं मुनव्वर म्हणायचा. फुकटच्या गव्हात मान विकत घेते ती, असं मास्तर म्हणायचे. मग दोघं एकाच कपातला चहा अर्धा अर्धा प्यायचे. एवढी दोस्ती त्या गावात दुसरी नव्हती.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली. अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाल्याची बातमी आली, त्या संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मास्तरांचं डोकं तापलेलं. मुनव्वर काहीतरी समजावायला गेला, तेव्हा भरल्या दुकानात मास्तर बोलून गेले, "तुले काय चिंता? तुह्यासाठीच येऊन राहिलं ते आरमार."

कोणी हसलं नाही. मुनव्वरने हातातला पाना खाली ठेवला, बस.

तिसऱ्या दिवशी एक पोलीस शिपाई दुकानात आला. रेडिओचं लायसन पाहिलं, बाहेरची कोणकोणती स्टेशनं ऐकता ते विचारलं आणि अर्धा दिवस पायरीवर बसून राहिला. त्याच्या दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा नकाशा गेला होता. हे सगळं रुख्मिणीबाईंनी मास्तरांना सांगितलं. त्याच संध्याकाळी मास्तरांनी जायला हवं होतं. गेले नाहीत. माणसाला लाज वाटली की तो कधी कधी रागावूनच बसतो. मुनव्वरचं नाव या घरात निघता कामा नये, असं त्यांनी बायकोला बजावलं, आणि ते तसंच राहिलं.

पण रेडिओला राग-लोभ नसतो, तो बिघडतोच. गावात दुसरा मिस्त्री नव्हता. रुख्मिणीबाई पिशवीत घालून घेऊन गेल्या. दुरुस्त होऊन आला तेव्हा स्टेशनाचा काटा बरोबर अमेरिकेवर होता. मास्तर तणतणले आणि काटा फिरवून मॉस्कोवर आणला. पुढच्या वेळी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. वर्षातून दोनदा तरी हे भांडण व्हायचं, आणि खरं सांगायचं तर मास्तर त्याची वाट पाहायचे. रेडिओ लवकर बिघडला नाही तर त्यांनीच आतली एखादी तार ढिली केली होती, तीही कितीदा तरी!

मग एक्क्याण्णव साल आलं. मॉस्कोतला लाल झेंडा उतरला. टपरीवर पोरंसोरंसुद्धा मास्तरांना चिडवू लागली. दोन दिवस ते जेवले नाहीत. त्याच आठवड्यात दुरुस्तीला गेलेला रेडिओ परत आला. काटा मॉस्कोवर होता, केसभरही इकडे तिकडे नाही. मास्तर त्याच्यासमोर बसून लहान मुलासारखे रडले. तरी गेले नाहीत.

रुख्मिणीबाई गेल्या, घर खायला उठलं, तेव्हापासून मास्तर अमेरिका ऐकू लागले होते. आपण जे ऐकतो तेच मुनव्वर या घटकेला ऐकत असेल, एवढ्यासाठी. गेल्या आठवड्यात अमेरिकेच्या निवेदकाने सांगितलं की हिंदी बातम्यांची ही शेवटची सभा, आणि श्रोत्यांचा निरोप घेतला. नंतर नुसती खरखर. आज मास्तरांनी काटा अमेरिकेवर ठेवला आणि पिशवी उचलली.

दुकानाचा पुढचा भाग आता मोबाइलचा झाला होता. तिथे मुनव्वरची मुलगी गुलनार बसली होती. मागे भिंतभर रेडिओ, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, नाव आणि गाव लिहिलेली. नांदगाव खंडेश्वरकडच्या दोन-तीन चिठ्ठ्यांवरची नावं मास्तरांनी याआधी वाचली होती, पेपरात, फवारणीचं औषध पिऊन गेलेल्या शेतकऱ्यांच्या बातम्यांत. ते रेडिओ न्यायला आता कोणी येणार नव्हतं. पण मुनव्वरने एकही भंगारात दिला नव्हता.

तो पाठमोरा बसला होता.

"मुनव्वर, चुकलं माहं. मी तवाच यायले पायजे होतं."

मुनव्वरने मान वळवली नाही. बरोबरच आहे, मास्तरांना वाटलं.

गुलनार जवळ आली. "काका, अब्बूले ऐकू येत नाई. सात वर्सं झाले."

"मले कोणी सांगतलं नाई."

"काकूले मालूम होतं. पण तुमच्या घरी आमचं नाव काढत नाईत म्हणे."

मास्तरांनी पिशवीतला रेडिओ काढून त्याच्या बाजूच्या टेबलावर ठेवला. तेव्हा मुनव्वर वळला. आधी त्याने रेडिओ पाहिला, मग काचेमागचा काटा. काचेवरून त्याने अंगठा फिरवला आणि मग मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी टेबलावरची कोरी चिठ्ठी ओढली आणि मघाचंच वाक्य लिहिलं. मुनव्वरने ते वाचलं, चिठ्ठीची घडी घातली, खिशात ठेवली.

"बसा, मास्तर," तो बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला. "ईदचा शीरखुर्मा हाय अजून."

मग त्याने रेडिओची पाठ उघडली, आत पाहिलं आणि हसला. "या बारीनं तार ढिली नाई केली?"

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं! मास्तरांना हसू आलं, आणि डोळे काही कोरडे राहिले नाहीत.

मुनव्वरने बटण फिरवलं. दुकानभर खरखर पसरली. त्याने पुढच्या जाळीच्या कापडावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. अमेरिका तो आता अशी ऐकत होता.

"पयलेसारखं लागत नाई हाताले," तो म्हणाला. "हातच बुढे झाले माहे. बोलून राह्यले ना अमेरिकावाले?"

गुलनारने मास्तरांकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. अमेरिकेच्या हिंदी बातम्या बंद झाल्याचं तिला माहीत होतं.

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.

"काय म्हणतेत?"

उभ्या जन्मात अमेरिकेबद्दल एक बरा शब्द न काढलेल्या वामनरावांनी दुसरी चिठ्ठी घेतली. ते रेडिओजवळ सरकले, खरखरीला कान लावला आणि अमेरिकेच्या बातम्या लिहू लागले.