नळीने की सुईने

परळच्या त्या औषधशास्त्र महाविद्यालयात प्राण्यांवर प्रयोग करायचा तर आधी एका समितीची परवानगी लागायची. समितीत सगळे डॉक्टर आणि प्राध्यापक. बाहेरचं एक माणूस हवंच असा नियम, म्हणून बकुळाबाई. काळाचौकीच्या पालिका शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. पहिल्या दोन बैठकांत त्यांनी चहा घेतला आणि सांगतील तिथे सही केली. तिसऱ्या वेळी मात्र सगळे कागद घरी वाचून, समासात पेन्सिलीने खुणा करून नेले.

प्रस्ताव नूपुर नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थिनीचा होता. कोकणात सांधे सुजले की एका झाडाच्या सालीचा काढा देतात. त्या सालीच्या अर्काने उंदराच्या पंजाची सूज उतरते का, हे तिला तपासायचं होतं. अर्क द्यायचा होता पोटात सुई टोचून.

"माणसं हा काढा घेतात कसा?" बकुळाबाईंनी विचारलं.

"पितात, मॅडम," नूपुर म्हणाली.

"मग उंदराला टोचायचा कशाला?"

उत्तर दिलं तिच्या मार्गदर्शकांनी, डॉ. हितेंद्र यांनी. "तोंडावाटे दिलं तर आतड्यातून रक्तात किती जाईल याचा भरवसा नसतो, बाई. टोचलं की परिणाम ठळक दिसतो. गेल्या वर्षी परवानगी घेऊन सहा उंदरांवर करून पाहिलं. दोन तासांत सूज निम्मी."

लहान मुलाची समजूत काढावी तसा त्यांचा सूर होता. बाईंची कानशिलं तापली. गप्प बसावं असंही वाटून गेलं. पण वर्गात त्यांनी कधी कुणाला प्रश्न गिळायला लावला नव्हता.

"त्या सहा उंदरांची पोटं आतून कशी होती?"

नूपुरने सरांकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"लाल," ती हळू पण स्पष्ट म्हणाली. "आतलं आवरण सुजलं होतं. अर्क कच्चा आहे, झोंबतो. पोटात अशी आग झाली की शरीर तिकडेच झुंजायला लागतं, आणि तेवढ्यानेही पंजाची सूज उतरू शकते. मग गुण अर्काचा की त्या आगीचा, हे मला सांगता येणार नाही. वहीत लिहिलंय मी, सर."

हितेंद्रांनी वही मागून घेतली. ते पान दोनदा वाचलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मी ठळक आकड्याला भुललो."

अर्क तोंडावाटे, मऊ नळीने थेट जठरात द्यायचा असं ठरलं. नळी चुकून श्वासनलिकेत गेली तर जनावर जातं, म्हणून प्राणीगृहातल्या लवूमामांकडून नूपुरने आधी हात बसवून घ्यायचा, ही अटही बाईंनीच घातली.

सात महिन्यांनी नूपुरने निष्कर्ष मांडले. सूज उतरली होती, पण सावकाश, आणि तिसऱ्या हिश्श्याइतकीच. पोटं आतून स्वच्छ होती. आकडा पहिल्यापेक्षा लहान असला तरी तो काढ्याचाच होता, आणि नूपुर तो मान ताठ ठेवून सांगत होती. शेवटी हितेंद्र उठले आणि भरल्या सभागृहात म्हणाले, "मार्ग बदलायला लावला तो बकुळाबाईंच्या प्रश्नाने. आमच्यापैकी कुणाला तो सुचला नव्हता."

मागच्या रांगेतल्या बाईंनी पदर सारखा केला. सगळे वळून बघत होते आणि त्यांनी मान खाली घातली नाही.

लालबागला घरी पोचल्यावर त्यांनी नवऱ्याला, अजितला, चहा टाकायला लावला आणि पहिल्या बैठकीपासून सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, म्हणाला, "हितेंद्रांचं ते वाक्य परत सांग."

बाईंनी ते शब्दन्‌शब्द परत सांगितलं.